नव्वद तपासण्या आणि दुधात कुस्करलेली भाकरी

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून)

पत्र लिहिणाऱ्या बाई 41 वर्षांच्या, तालुक्याच्या गावी शिक्षिका. आईवडील दोन गल्ल्या सोडून राहतात. वडील 67 वर्षांचे, एसटीतून निवृत्त. आई 63 वर्षांची. धाकटा भाऊ बंगळूरला. त्याने आईवडिलांसाठी 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज बुक केलंय. नव्वदच्या वर तपासण्या, रक्त न्यायला माणूस घरी येणार, वर 'कॅन्सर मार्कर' फुकट. त्यांच्या तीस वर्षांच्या फॅमिली डॉक्टरांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "यातल्या ऐंशी खोडून टाका." भाऊ म्हणतो, डॉक्टर जुन्या वळणाचे. वडील म्हणतात, शोधायला गेलं की सापडतंच. बीपीची गोळी ते डोकं जड वाटलं की घेतात. आई म्हणते, "मला काय धाड भरलीय?" ती दोन वेळा मशेरी लावते. हल्ली तिला तिखट सोसत नाही, भाकरी दुधात कुस्करून खाते. बाई विचारतात: पॅकेज करू की डॉक्टरांचं ऐकू? नाही केलं आणि उद्या काही निघालं, तर भाऊ मलाच बोल लावेल, आणि खरं तर मीही.

उत्तर

तुमचं पत्र चार पानांचं आहे. भावाशी झालेलं फोनवरचं भांडण त्यात पानभर आहे, डॉक्टरांचा शेरा आहे, वडिलांचा हट्ट आहे. आईचं तिखट मात्र तिसऱ्या पानाच्या तळाशी एका ओळीत उरकलंय, आणि पुढे लिहिलंय, "वयोमानाप्रमाणे चालायचंच." मशेरीचा उल्लेख त्याच्या आधीच्या पानावर, तोही वडिलांच्या चहाच्या सवयीबद्दल सांगता सांगता आलेला. या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या पानांवर लिहिल्यात. मी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. म्हणून पॅकेजचं नंतर बोलू. आधी आईचं तोंड बघा, आणि ते याच आठवड्यात.

घाबरू नका. तिखट झोंबायची कारणं पुष्कळ असतात. रक्त कमी असतं, बी-12 कमी असतं, कवळीखाली बुरशी धरलेली असते, शुगर वाढलेली असते, काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. यातली बहुतेक साधी आणि बरी होणारी. पण वर्षानुवर्षं तंबाखू किंवा सुपारी लागलेल्या तोंडात आग होऊ लागली, तर आतली कातडी बदलत असल्याची ती पहिली खूण असू शकते. कधी पांढरा चट्टा असतो, कधी लालसर मखमलीसारखा, तर कधी गाल आतून ताठ होऊन बोटाला दोरीसारखा लागतो. हा कॅन्सर नव्हे. काहींचा पुढे होतो. या पायरीवर सापडलं तर हाताशी वेळ भरपूर असतो. आपल्याकडे पुष्कळ लोक मात्र जबडा उघडेनासा झाल्यावर येतात.

घरी बघायचं ते असं. सकाळच्या उजेडात दारात खुर्ची टाका. आईला दोनदा चूळ भरायला लावा, कवळी असेल तर काढायला सांगा, मोबाइलचा टॉर्च लावा. खालचा ओठ बाहेर ओढून आतून बघा, मग वरचा. चमच्याच्या दांड्याने एकेक गाल बाजूला करा. जीभ बाहेर काढायला सांगून डावी-उजवी कड बघा, मग जीभ टाळूला लावायला सांगून तिच्याखाली. शेवटी टाळू. मशेरीचं बोट रोज जिथे फिरतं आणि चिमूट जिथे दाबून ठेवली जाते, तिथे जास्त वेळ थांबा. मग तिला तिचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर तोंड आवळलंय. जबड्याखाली आणि मानेला गाठ लागते का, तेही चाचपा.

तुम्हाला काही दिसो वा न दिसो, तिला दातांच्या डॉक्टरांकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे न्याच. तिथे एकच वाक्य सांगा: "दोन वेळची मशेरी आहे, आणि तिखट सोसत नाही." एवढ्यावर कुठलाही डॉक्टर टॉर्च हातात घेईल. चट्टा दिसला तर छोटा तुकडा काढून तपासायला सांगतील. तुकडा काढल्याने आजार पसरतो, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. तो खोटा आहे.

आणखी एक. तंबाखू खाता का, असं विचारलं तर तुमची आई "छे" म्हणेल, आणि तिच्या मते ते खरंच असेल. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू, पण घरोघरी तिची गणना दंतमंजनात होते. दवाखान्यात मी पुढे पुढे प्रश्नच बदलला. "तंबाखू?" असं विचारायचं सोडून "दात कशाने घासता?" असं विचारू लागले, आणि उत्तरं बदलली. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा रकाना असतो. तुमच्या आईच्या नावापुढे तिथे 'नाही' लिहिलेलं असणार, पैजेवर सांगते.

आता पॅकेज.

स्क्रीनिंगला मराठीत चाळणी म्हणावं असं मला वाटतं. चाळणी लावायची ती ज्याला काही त्रास नाही, ज्याचा आजार ठाऊक नाही, अशा माणसाला. तुमच्या घरात बघा. आईला तक्रार आहे, म्हणजे त्या तक्रारीला चाळणी नको, निदान हवं. वडिलांचा आजार वर्षानुवर्षं माहीत आहे, त्यांना धड उपचार हवेत. राहिलं कोण? वय 41, तक्रार काही नाही, शाळा, स्वयंपाक, मुलीचे क्लास, आईवडिलांचे डॉक्टर, आणि स्वतःची अखेरची तपासणी "मुलीच्या वेळी", म्हणजे तेरा वर्षांपूर्वी. चाळणी जिच्यासाठी आहे ती घरात एकटी तुम्ही, आणि भावाने दोघांचं पॅकेज घेतलंय त्यात तुमचं नाव नाही. तुम्हीही चार पानांत स्वतःबद्दल तेवढंच लिहिलंत.

भावाचं मन मी ओळखते. तो लांब आहे, आईबापाची काळजी कशी करायची हे त्याला उमगत नाही, आणि ऑनलाइन काळजी तपासण्यांच्या संख्येवर विकत मिळते. साठापेक्षा नव्वद बरी वाटतात. त्याला वाटतं, जितकं जास्त शोधू तितकं सुरक्षित. हे तसं नाही, आणि का नाही ते त्याला आकड्यांनी सांगा. तो इंजिनियर आहे, त्याला पटेल.

लॅबच्या रिपोर्टवर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा धडधाकट माणसांपैकी मधल्या 95 टक्क्यांची असते. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही 5 टक्के त्या मर्यादेबाहेर पडणारच. एका तपासणीला हे चालून जातं. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टवर किमान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता 64 टक्के होते. नव्वद तपासण्या एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात, तरी सगळं कोरं येणारा साठीपुढचा माणूस मी पाहिलेला नाही. मग त्या ठळक आकड्याचा पाठलाग सुरू होतो. पुन्हा रक्त, मग सोनोग्राफी, सोनोग्राफीत भलतंच काहीतरी, त्यासाठी सीटी, मध्ये तीन आठवडे घरात कोणी नीट जेवत नाही.

फुकटच्या कॅन्सर मार्करबद्दल, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणाऱ्या पदार्थांच्या तपासणीबद्दल, तर मला जरा जास्तच बोलायचंय. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, चाळिशीतल्या, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रिपोर्ट. सीए-125 नावाचा मार्कर वाढलेला. इंटरनेटवर वाचून आल्या होत्या, 'अंडाशयाचा कॅन्सर'. खुर्चीवर बसताना फोल्डर छातीशी धरलेलं, ते टेबलावर ठेवायलाही तयार नव्हत्या. रक्त दिलं त्या दिवशी त्यांची पाळी चालू होती, आणि गर्भाशयात जुनी गाठ होती, कॅन्सरची नव्हे, साधी. पाळी, गाठी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), या कशानेही हा आकडा वाढतो. म्हणूनच तक्रार नसलेल्या बाईचा हा मार्कर मुळात करायचा नसतो. तो झालेल्या आजारावर लक्ष ठेवायला जास्त उपयोगी. सीईए आणि सीए 19-9 या दुसऱ्या मार्करांचंही तेच. त्या बाईंना मी पटवून दिलं, त्या हसल्या, आणि सहा महिने दर पंधरवड्याला "डॉक्टर, नक्की ना?" म्हणून येत राहिल्या. फुकट तपासणी त्यांना महाग पडली.

जास्त शोधल्याने काय होतं याचा मोठा दाखला दक्षिण कोरियाचा. तिथे 1999 साली सरकारी कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. तिच्याबरोबर थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफीही मिळू लागली. लोकांनी ती धडाधड करून घेतली. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या पंधरा पट झालं. त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. माणसाला आयुष्यभर काही न करणाऱ्या बारीक गाठी शोधून हजारोंच्या ग्रंथी काढल्या, आणि ती माणसं जन्मभराच्या गोळीला लागली. तुमच्या वडिलांचं "शोधायला गेलं की सापडतंच" हे वाक्य मी हसण्यावारी नेत नाही ते यामुळे. अर्धं वाक्य खरं आहे. कुठे शोधायचं आणि कुठे नाही, हा उरलेला अर्धा भाग.

तेव्हा डॉक्टर बरोबर, भाऊ चूक? इतकं सरळ नाही. ऐंशी खोडा म्हणणारे तुमचे डॉक्टर शहाणे आहेत, पण मला त्यांनाही एक विचारायचंय: उरलेल्या दहा तुम्ही आजवर का केल्या नाहीत? तीस वर्षं हे घर त्यांच्याकडे जातंय. ताप आला की, जुलाब झाले की. आईचं तोंड कोणी उघडून बघितलं नाही, तुम्हाला कोणी "तिशी उलटली, एकदा आतली तपासणी करून घ्या" म्हटलं नाही. यात त्यांचा दुष्टपणा नाही. संध्याकाळच्या ओपीडीत साठ माणसं बाकड्यावर असतात, ताप असलेलं पोर रडत असतं, आणि ज्याला काही होत नाही त्याच्यासाठी वेळ कुठून काढणार? मीही त्याच खुर्चीवर बसलेय, म्हणून सांगते: अशी वेळ मागून घ्यावी लागते. कंपाउंडरला फोन करा, दुपारची, गर्दी नसतानाची वेळ मागा, "चेकअपसाठी यायचंय, आजारी कोणी नाही" असं सांगा. डॉक्टर आधी बुचकळ्यात पडतील. मग खूश होतील.

जाताना एका पिशवीत घरातली सगळी औषधं घाला. बीपीची गोळी, गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याने दिलेली पाकिटं, चूर्णं, काढे, सगळं. वडिलांचं बीपी हलेना याचं कारण पुष्कळदा त्या पिशवीच्या तळाशी सापडतं: दुखण्याच्या गोळ्या. रोज घेतल्या तर त्या बीपी चढवतात आणि किडनीवर जातात. जुने रिपोर्ट न्या, आणि एका कागदावर लिहा: घराण्यात कोणाला काय झालं, कितव्या वर्षी.

वडिलांचं बीपी ही तुमच्या घरातली सर्वांत सोपी दुरुस्ती आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. डोकं जड वाटलं की गोळी, हा हिशेबच चुकलाय, कारण बीपी बोलत नाही. वरचा आकडा 180 असलेला माणूस मजेत शेंगा खात बसलेला असतो. गोळी रोज, ठरल्या वेळी, बरं वाटत असलं तरी. भावाला म्हणावं, पॅकेजऐवजी बीपीचं मशीन पाठव, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको, पट्टा दंडाच्या मापाचा. मोजायचं ते लघवीला जाऊन आल्यावर, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास सोडून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर, पाच मिनिटं गप्प बसून. गप्प म्हणजे गप्प. निवडणुकीवर बोलत मोजलेलं बीपी माझ्या वहीत मी लिहीत नसे. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यातला आकडा 140/90. तो कागद डॉक्टरांना दाखवा. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं प्रथिन आणि एक ईसीजी, एवढं ते सांगतील. झाली वडिलांची यादी.

तुमची यादी त्याहून छोटी आहे. बीपी. साखर. स्तनांची डॉक्टरांकडून हाताने तपासणी. आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातही 30 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी हेच आहे: बीपी, मधुमेह, आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा असे तीन कॅन्सर. प्राथमिक आरोग्य केंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात पैसे पडत नाहीत.

साखरेआधी मापपट्टी घ्या. चेन्नईच्या संशोधकांनी 2005 साली एक गुणतक्ता बनवला, मला तो आवडतो कारण त्याला सुई लागत नाही. वय 35 ते 49 असेल तर 20 गुण, पन्नाशीपुढे 30. बाईची कंबर 80 सेंटीमीटरपासून पुढे 10 गुण, 90 पासून 20. पुरुषाला हेच 90 आणि 100 वर. व्यायाम आणि अंगमेहनत दोन्ही नसतील तर 30, एकच असेल तर 20. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर 10, दोघांना असेल तर 20. बेरीज 60 किंवा वर गेली की रक्त तपासायलाच हवं. वर्गातल्या फळ्यासमोर उभं राहणं अंगमेहनतीत धरू नका, मी ओळखते शिक्षिकांना! उपाशीपोटी साखर 126 किंवा वर, नाहीतर एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 6.5 किंवा वर असेल तर मधुमेह म्हणतात. पण तक्रार नसताना एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो, पुन्हा तपासून खात्री करतात. लोह कमी असलेल्या बाईचा एचबीए1सी उगाच चढलेला येऊ शकतो, म्हणून आईचं हिमोग्लोबिन सोबत बघा.

आता ज्या तपासणीचं नाव पत्रात तुम्ही 'ती खालची' असं लिहिलंत, ती. जगात जिथे जिथे हिची पारख झाली, त्यातल्या दोन मोठ्या पारखी आपल्या मातीत झाल्या, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांवर एक अभ्यास झाला. त्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी गावोगाव जाऊन काम केलं. 2009 साली निष्कर्ष आले: एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दुसरी मुंबईतली. टाटा रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर केलेली. एका गटाला दर दोन वर्षांनी तपासलं, आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. साधन काय, तर व्हिनेगरसारखं पातळ आम्ल. कापसाने मुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, बिघडलेली जागा पांढरी होते. मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. त्याच अभ्यासात स्तनांची हाताने तपासणीही झाली, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले.

मला यात एकच गोष्ट तुमच्या भावाला दाखवायचीय. उघड्या डोळ्यांनी तोंड बघणं, हाताने स्तन तपासणं, मुखाला आम्ल लावणं, दंडाला पट्टा बांधणं. यातलं एकही काम घरी येऊन रक्ताच्या बाटल्या भरून नेणाऱ्या मुलाच्या पेटीत मावत नाही. नव्वद तपासण्यांचं पॅकेज घेऊनही तुमच्या आईचं तोंड बंदच राहिलं असतं.

तुम्हाला 41 व्या वर्षी एचपीव्ही तपासणी मिळाली तर उत्तम, नाहीतर पॅप (मुखावरच्या पेशी हलकेच खरवडून तपासणं) किंवा आम्लाची. एचपीव्ही नकारार्थी आली की पुढची पाच ते दहा वर्षांनी, आम्लाची सरकारी केंद्रात पाच वर्षांनी. पाळी चालू नसतानाची वेळ घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, जरा अवघड वाटतं, दुखत फारसं नाही. पुरुष डॉक्टरांसमोर संकोच वाटत असेल तर "बाई डॉक्टर किंवा नर्स कधी असतात?" असं स्पष्ट विचारा. आईची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असणार. त्या वयात मुखावरची बिघाड जिथे सुरू होतो ती जागा आत सरकते, म्हणून आम्लाच्या तपासणीत नीट दिसत नाही; तिला एकदा एचपीव्ही किंवा पॅप. आजवर एकदाही झालेली नाही म्हणून 63 व्या वर्षीही तिचा उपयोग आहे. पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला असेल तर मात्र ही चाळणीची गोष्ट उरत नाही, थेट स्त्रीरोगतज्ज्ञ. तिला एकटीला गाठून हे नक्की विचारा. बायका हे लेकीलाही आपणहून सांगत नाहीत.

आईला तयार कसं करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तीच आहे. कॅन्सर हा शब्द काढू नका. "तुझ्यासाठी चल" म्हटलं तर ती येणार नाही. या पिढीच्या बायका स्वतःसाठी रिक्षासुद्धा करत नाहीत. "मला तपासून घ्यायचंय, एकटीला भीती वाटते, सोबत चल" म्हणा. हे खोटंही नाही. तिथे गेल्यावर "आलोच आहोत तर" हे तीन शब्द पुरतात. मशेरी एका दिवसात सुटायची नाही, तिच्यावर ओरडून तर मुळीच नाही. सकाळी पोट साफ होण्यासाठी म्हणून लावते का, डोकं धरतं म्हणून लावते का, ते आधी समजून घ्या. तंबाखू सोडवायला केंद्र सरकारची मोफत फोन सेवा आहे, 1800-11-2356. तिथे मशेरीचंही बोलता येतं.

भावाला दुखवू नका. त्याचे पैसे आणि त्याची काळजी दोन्ही वापरा. पॅकेज रद्द होत असेल तर करा. बीपी मशीन, आईच्या दातांचा खर्च, दोघांच्या डोळ्यांची मोतीबिंदूसाठी तपासणी, डॉक्टरांना विचारून फ्लू आणि न्यूमोनियाची लस. शिवाय तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. एचपीव्हीची लस याच वयात द्यायची, 9 ते 14 मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पुण्यात बनणारी भारतीय लसही आता मिळते. मामाने भाचीला द्यावी अशी याहून चांगली भेट मला सुचत नाही. तो करबचतीचा मुद्दा काढेल. जुन्या कररचनेत आरोग्य तपासणीचे 5,000 रुपयांपर्यंत धरता येतात, आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्यांचीही पावती मिळतेच.

पॅकेज रद्द होत नसेल तर रक्त जाऊ द्या, पण मार्कर काढून टाकायला सांगा, आणि रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे. मोबाइलवर आलेली पीडीएफ रात्री अकरा वाजता भावाने उघडायची नाही, हे त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या. कोणतीही तपासणी लिहून दिली की डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: वाईट आली तर आपण काय करणार, आणि चांगली आली तर पुन्हा कधी? पहिल्याचं उत्तर "बघू" असेल तर ती तपासणी थांबू शकते.

आणि एक फाईल करा, साधी, स्टेशनरीच्या दुकानातली, तिघांची तीन कप्प्यांची. वरच्या पानावर चालू औषधं, बीपीच्या नोंदी, कुठली तपासणी कधी झाली आणि पुढची कधी. लसी. डॉक्टरांकडे माहितीपत्रकं असतील तर ती मागून घ्या. बऱ्याच दवाखान्यांत कपाटावर गठ्ठा धूळ खात पडलेला असतो, कोणी मागत नाही म्हणून कोणी देत नाही.

उद्या काही निघालं तर, असं तुम्ही विचारलंत. निघू शकतं. सगळं वेळेवर करूनही निघतं; चाळणीला भोकं असतातच. तेव्हा भाऊ बोल लावेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण आज सकाळी तुमच्या आईने भाकरी दुधात का कुस्करली, याचं उत्तर शुक्रवारपर्यंत मिळू शकतं. टॉर्च, चमचा आणि खुर्ची घरात आहे.

काय दिसलं ते कळवा. चार पानं नकोत, दोन ओळी पुरे. आणि तुमच्या स्वतःच्या तपासणीची तारीख त्याच पत्रात लिहा, नाहीतर मी उत्तर देणार नाही.